दिवस कलल्यावर लावायचं कार्ड

पोस्टकार्डाएवढा जाड कागद. त्यावर डिंक फासून कुणी खसखस पसरावी आणि ती जराशी करपावी, तसे काळे ठिपके. प्रयोगशाळेतल्या मावशींनी तो माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, "मोजा." मी हसले. "वीस हजाराच्या आसपास हायेत. फुंकर तेवढी मारू नका."

वीस हजार अंडी आणि जवळजवळ प्रत्येक अंड्यात एक गांधीलमाशी. गांधीलमाशी म्हटलं की आपल्याला वळचणीचं पोळं आणि सुजलेला ओठ आठवतो. ही तसली नव्हे. ट्रायकोग्रामा नावाची ही माशी जेमतेम अर्धा मिलिमीटर भरते. तिची सुई माणसासाठी नाही, पतंगाच्या अंड्यासाठी आहे. त्या अंड्यात ती आपलं अंडं सोडते, तिची अळी आतला ऐवज फस्त करत वाढते आणि आठ-दहा दिवसांनी पतंगाच्या अंड्यातून माशी बाहेर पडते. पिकाला पोखरणारी अळी जन्मालाच येत नाही. कृषी खात्याच्या भाषेत हा 'परोपजीवी मित्रकीटक', गावात नुसतं 'कार्ड'.

संपादकांचा फोन फाल्गुनातच आला होता. यंदाच्या अंकाचा विषय ऊन. उन्हात माणसांचं काय होतं ते बरेच जण लिहितायत, तुम्ही जरा बारीक काहीतरी बघा, असं ते म्हणाले. मी ते जास्तच मनावर घेतलं आणि वैशाखात सोलापूरची गाडी पकडली. ऊस आणि ऊन दोन्ही भरपूर असलेला जिल्हा म्हणून.

खसखशीची शेती

माशा वाढवायच्या तर आधी त्यांना अंडी हवीत आणि अंडी हवीत तर पतंग हवेत. म्हणून या प्रयोगशाळेतलं निम्मं काम माशांचं नसून कॉरसायरा नावाच्या पतंगाचं आहे. हा आपल्या घरातलाच जुना चोर. तांदळाच्या डब्यात जाळी करणारी अळी असते ना, तिचा मोठेपणीचा अवतार. इथे त्याची बडदास्त ठेवली जाते. ज्वारी भरडायची, भट्टीत तापवून आधीची कीड मारायची, शेंगदाण्याचा कूट आणि यीस्ट मिसळायचं, ट्रे भरायचे, वर अंडी भुरभुरायची. चाळीसेक दिवसांनी ट्रेच्या झाकणाला राखाडी पतंग चिकटलेले दिसतात.

ते गोळा करणं हे सगळ्यात नकोसं काम. पतंगांच्या पंखांवरचे खवले खोलीभर उडतात. बायका तोंडाला फडकं बांधून, वर मास्क लावून काम करतात, तरी संध्याकाळी छाती भरून येते. दमेकऱ्याला इथे उभं करत नाहीत. 'जैविक' या शब्दाभोवती आपण फार हिरवा रंग फासतो. त्या शब्दामागे खोकला असतो, हे मला त्या खोलीत कळलं.

गोळा केलेली अंडी पांढरीशुभ्र असतात. त्यांच्यावर आधी अतिनील दिवा लावतात. आतला पतंगाचा गर्भ मरतो, पण माशीला अंडं चालतं. हे केलं नाही तर एखादी अळी फुटून शेजारची अंडी खाऊन टाकते. मग ती कागदावर चिकटवायची आणि माशा निघू लागलेलं जुनं कार्ड सोबत पिशवीत घालायचं. एका कार्डावर सहा नवी, हे विरजणाचं प्रमाण. तीन-चार दिवसांत पांढरी खसखस काळी पडली की समजायचं, विरजण लागलं.

या कारखान्याला शत्रूही आहेत आणि त्यातला एक गंमतीचा. ब्रॅकॉन नावाची दुसरी एक गांधीलमाशी, जी इतरत्र मित्रकीटक म्हणून मुद्दाम वाढवतात, ती इथे चोरपावलांनी शिरते आणि कॉरसायराच्या अळ्याच गारद करते. एका खोलीतला मित्र शेजारच्या खोलीत दरोडेखोर. मावशी तिला ओळखतात आणि तिच्याबद्दल छापण्याजोगं काही बोलत नाहीत.

खोलीत पारा सव्वीसवर होता. बाहेर बेचाळीस. एसीचा आवाज थांबला की सगळ्यांच्या माना एकदम वर होतात. मी असताना एकदा लाइट गेली. जनरेटर सुरू होईपर्यंतच्या पाच-सहा मिनिटांत कुणी बोललं नाही.

नेमका नको तेव्हा

ट्रायकोग्रामा बारा महिने लागला असता तर उन्हाची एवढी धास्ती नव्हती. अडचण अशी की उसाला तो ऐन उन्हाळ्यातच हवा असतो.

सुरू हंगामाचा ऊस जानेवारी-फेब्रुवारीत लागतो. मार्चमध्ये कोंब वीतभर होतात आणि खोडकिडा येतो. त्याला ऊन आणि कोरडी हवा मानवते, म्हणून मार्च ते मे ही त्याची सुगी. मादी पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालते, तीन-चार ओळींत, कौलं सरकवून बसवावीत तशी. आठवड्याच्या आत अळी निघते, पानाच्या बगलेतून खाली उतरते, कोंब पोखरून आत शिरते. मग मधला पोंगा वाळतो. त्याला धरून ओढा, लोणी कापल्यासारखा हातात येतो आणि त्याला आंबूस घाण वास मारतो. एवढं दिसेपर्यंत अळी आत बसून हात धुवून मोकळी झालेली असते.

म्हणून तिला अंड्यातच गाठायचं. लागणीला महिना झाला की एकरी साधारण एक कार्ड, दर आठ-दहा दिवसांनी. कार्डाच्या पट्ट्या कापायच्या आणि पानाच्या खालच्या अंगाला टाचायच्या.

विदर्भातल्या कपाशीची गोष्ट वेगळी आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने तिथे धुमाकूळ घातला, त्यानंतर कपाशीतही कार्डांची चर्चा वाढली. पण तिथे ती पावसाळ्यात लागतात आणि त्यांचे वैरी म्हणजे मुसळधार सर आणि शेजारच्याची फवारणी. उसातला वैरी बारमाही डोक्यावर असतो, फक्त वैशाखात तो जमिनीवर उतरतो.

पानाखालचं हवामान

हवामान खातं तापमान मोजतं ते पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर. मैदानी भागात कमाल पारा चाळिशी गाठतो आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी चढतो, तेव्हा उष्णतेची लाट जाहीर होते. माणसासाठी ही व्यवस्था ठीक आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या माशीला सव्वा मीटरवरच्या हवेशी काही देणंघेणं नाही. तिचं गाव म्हणजे एका पानाची खालची बाजू.

त्या गावाचं हवामान कोण ठरवतं? मुख्यतः पाणी. उसाला पाणी असेल तर पान बाष्प सोडतं आणि भोवतालच्या हवेपेक्षा दोन-चार अंश थंड राहतं, माठासारखं. पाणी तुटलं की पान आपली रंध्रं मिटून घेतं आणि हवेपेक्षाही गरम होतं. कोवळ्या उसाची आणखी एक पंचाईत असते. दाटी झालेली नसते, दोन सऱ्यांमध्ये उघडं काळं रान असतं आणि दुपारी त्या रानाची वरची कातडी साठीच्या घरात जाऊ शकते. मी चप्पल काढून पाऊल ठेवून पाहिलं, लगेच उचललं. माशीला वरून ऊन आणि खालून तवा.

शरीर जेवढं लहान, तेवढं ते पटकन तापतं आणि पटकन सुकतं. आपल्याला घाम येतो, म्हणजे आपल्याकडे खर्चायला पाणी असतं. तिच्याकडे ते नसतं. ऊबदार खोलीत मधाचं बोट मिळालं तर ती आठवडाभर जगते. रणरणत्या कोरड्या हवेत हे आयुष्य एक-दोन दिवसांवर येतं आणि त्या एक-दोन दिवसांतही मधल्या तीन-चार तासांत ती उडत नाही, शोधत नाही, कुठेतरी चिकटून बसते.

मार्च २०२२ हा देशातला १९०१पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. तेव्हा गव्हाची बातमी झाली, दाणा बारीक राहिला म्हणून. सुरू उसात त्याच महिन्यात खोडकिड्याची अंडी पडत होती.

अळी गाभ्यात, मित्र उन्हात

ऊन दोघांवर पडतं, मग मित्रच आधी का हरतो? प्रवासात मला हा प्रश्न सगळ्यात जास्त सतावत होता.

एक कारण जागेचं. खोडकिड्याची अळी कोंबाच्या आत, ओल्या गाभ्यात असते. तिला वाड्याच्या माजघरातला गारवा मिळालेला. अंड्यातला ट्रायकोग्रामा मात्र उघड्या पानावर, हलता न येणारा.

दुसरं कारण मुळातलं आहे. परोपजीवी माशी स्वतःच्या अंगाने जगत नाही, दुसऱ्याच्या अंगात जगते. ऊन वाढलं की तिला आपलंही सांभाळावं लागतं आणि घरमालकाचंही. बहुतेक जोड्यांमध्ये तिची सहनशक्ती घरमालकापेक्षा दोन पावलं कमी निघते. अमेरिकेत तंबाखूच्या झाडावर एक भलीमोठी हिरवी अळी येते आणि तिच्या पोटात कोटेशिया नावाची गांधीलमाशी आपली पिल्लं वाढवते. वेळ झाली की पिल्लं अळीच्या पाठीवर पांढरे कोष विणतात, तांदूळ उभे चिकटवल्यासारखे. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या संशोधकांनी ही जोडी तापत्या-निवत्या हवेत वाढवली आणि २०२१मध्ये निष्कर्ष छापला. आतल्या माशा मेल्या, पण अळी मेली नाही. उलट कोष करण्याची वेळ विसरून ती खातच राहिली आणि राक्षसी वाढली. पाहुणा गेला, पण यजमानाचं घड्याळ बिघडवून गेला.

ट्रायकोग्रामाचा यजमान अंडं आहे, त्यामुळे तिथे राक्षस होत नाही. तिथलं नुकसान आवाज न करता होतं. तिशीच्या आतबाहेरची ऊब माशीला आवडते, वाढही झटपट होते. पारा सलग पस्तिशीच्या वर राहिला की अंड्यातून बाहेर येणाऱ्या माशा कमी होतात, आल्या त्यांतल्या काहींचे पंख मुडपलेले असतात आणि ज्या धडधाकट दिसतात त्यांचीही ओटी पुरती भरत नाही.

इथं मुलगी झाली तर पेढे

गांधीलमाशांच्या घराण्यात, मधमाशांसारखंच, बाप नसला तरी मुलगा होतो. मादीने फळलेलं अंडं घातलं तर मुलगी, न फळलेलं घातलं तर मुलगा. शेतात काम करते ती मुलगी, कारण अंडी शोधून त्यात अंडं घालायचं ते तिनेच. मुलग्याचं काम एका भेटीपुरतं.

मावशींनी एका पट्टीवरच्या माशा भिंगाखाली दाखवल्या. ज्यांच्या मिशा केसाळ ते नर, ज्यांच्या मिशांच्या टोकाशी गदेसारखी गाठ त्या माद्या. "सगळे जावई आले म्हणजे कार्ड वाया," त्या म्हणाल्या. "इथं मुलगी झाली तर पेढे."

ऊन नेमका हाच हिशेब बिघडवतं. या माशांमध्ये नराचं बीज बरंचसं तो कोषात असतानाच तयार होतं. त्या दिवसांत भाजणारी ऊब लागली तर नर बाहेर येतो, उडतो, मादीला गाठतो, सगळं यथासांग होतं, फक्त त्याच्याकडे द्यायला फारसं काही नसतं. फ्रान्समध्ये घरमाशीच्या कोषावर जगणाऱ्या नासोनिया या माशीवर हे बारकाईने पाहिलं गेलं आहे. तापलेल्या नरांचं बीज घटलं आणि त्यांच्या माद्यांना मुली कमी झाल्या. मादीला फसगत कळत नाही. ती अंडी घालत राहते आणि पुढच्या पिढीत मुलगेच मुलगे.

ट्रायकोग्रामाच्या काही जातींमध्ये तर नर मुळी नसतातच. माद्यांच्या अंगात वोल्बाकिया नावाचा जिवाणू असतो आणि तो बापाशिवाय मुली जन्माला घालायला लावतो. प्रतिजैविक पाजलं की नर पुन्हा दिसू लागतात, हे १९९०मध्ये दाखवलं गेलं. आणि नुसतं उन्हात ठेवलं तरी तेच होतं, कारण हा जिवाणूही उन्हाला टिकत नाही. आपल्याकडे उसात सोडतात त्या जातीत नर-माद्या दोन्ही असतात, तेव्हा हे संकट आपलं नाही. पण ऊन माशीच्या अंगातल्या भाडेकरूलाही बाहेर काढतं, हे मला विसरवत नाही.

घरकोंबड्या आणि पैलवान

प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या सव्वीस अंशांत वाढलेली माशी म्हणजे घरकोंबडी. आठ-दहा दिवसांची पिढी, म्हणजे वर्षाकाठी पस्तीस-चाळीस पिढ्या एसीत. तिथे ऊन सोसणारी आणि न सोसणारी दोघी सारख्याच जगतात, निवड होतच नाही. म्हणून जाणती माणसं अधूनमधून शेतातून परोपजीवी अंडी वेचून आणतात आणि घराण्यात नवं रक्त घालतात. जिथे हा कंटाळा केला जातो, तिथलं कार्ड वरून तेवढंच काळं दिसतं.

उलटंही करता येतं. बंगळुरूला जैविक कीड नियंत्रणाची राष्ट्रीय संस्था आहे. तिथे शास्त्रज्ञांनी ट्रायकोग्रामाच्या पिढ्या मुद्दाम चढत्या तापमानात वाढवल्या, जगल्या त्यांचीच पुढची वीण घेतली आणि उन्हाला टिकणारा वाण तयार केला. तालमीतला पैलवान घडवावा तसा. याच घराण्यातला त्याआधीचा एक पैलवान 'एंडोग्राम'. तो एंडोसल्फान फवारलेल्या शेतातही तग धरावा म्हणून तयार केला होता. २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवरच बंदी घातली. कुस्ती शिकून पोरगा आखाड्यात उतरला आणि प्रतिस्पर्धी तडीपार झाला. उन्हाच्या पैलवानावर ही वेळ येईल असं काही दिसत नाही.

मात्र मला पैलवानावर सगळी भिस्त ठेवणं पटत नाही. पैलवान झाला तरी तो डिकीत शिजतो.

डिकी

कार्ड प्रयोगशाळेतून साखर कारखान्याच्या गटऑफिसला जातं, तिथून चिटबॉयच्या, म्हणजे उसाच्या नोंदी ठेवत गावोगाव फिरणाऱ्या पोराच्या, मोटारसायकलवर गावात. मी एका चिटबॉयच्या मागे बसून फिरले. सकाळी नऊला कार्डं घेतली, मग तोडीच्या नोंदी, कुणाच्या बिलाची तक्रार, एका घरी चहा, एका ठिकाणी बारशाचं जेवण. कार्डं डिकीत. तीन वाजता त्याने त्याच डिकीतून पाण्याची बाटली काढून दिली. अंघोळीला विसण लागलं असतं.

त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या दिवसाला कार्ड हे शेपूट जोडलेलं आहे, त्यासाठी ना डबा दिलाय, ना बर्फाची पिशवी. आणि उन्हात कार्ड नुसतं मरत नाही, कधी घाईही करतं. उद्या सकाळी फुटायचं ते आज दुपारी पाकिटात फुटतं. शेतकरी पाकीट उघडतो तेव्हा तळाशी काळी पूड असते. ती त्याला धूळ वाटते.

गावातले आप्पा त्यांच्या पडवीत बसून मला म्हणाले, "ताई, औषध मारलं की मेलेली अळी दिसती. ह्या कार्डात काय दिसतंय सांगा की." या प्रश्नाला उत्तर देणं अवघड आहे. कार्ड लागू पडलं तर जे घडतं ते म्हणजे काहीच न घडणं. पोंगा वाळत नाही, एवढंच. आणि कार्ड उन्हात मेलं तरी काहीच दिसत नाही, वीस हजार मढी मिळून चिमूटभरही होत नाहीत. मग पोंगे वाळले की शेतकरी म्हणतो, कार्ड फसवं. तो पुढच्या वर्षी घेत नाही, मागणी घटते, प्रयोगशाळेत एक बाई कमी होते. उन्हाने मारलेल्या माशीचा पंचनामा कुणी करत नाही. कार्डाचं नाव बद्दू होतं ते इथेच.

आप्पांच्या घरच्या काकूंनी मात्र गेल्या दोन उन्हाळ्यांत स्वतःची युक्ती काढली आहे. कार्डं आली की त्या ती कोरड्या गाडग्यात ठेवतात आणि गाडगं माठाशेजारच्या ओल्या वाळूत. वर फडकं. मी हात घालून पाहिला. गार होतं.

पट्ट्या

ऊन उतरल्यावर आम्ही रानात गेलो. आप्पांनी यंदा खोडव्याचं पाचट जाळलं नव्हतं, ते नव्या लागणीच्या सरीत अंथरलं होतं. पाचटावर अनवाणी उभं राहता येत होतं. खोडकिडा कमी व्हावा म्हणून पाचटाचं आच्छादन, हलकी बाळबांधणी, म्हणजे कोंबांच्या बुडाशी मातीची भर, आणि वेळच्या वेळी पाणी या शिफारशी जुन्याच आहेत. त्याच तिन्हींनी माशीचं गावही थंड राहतं, हे आप्पांना कुणी सांगितलं नव्हतं. बांधावर काकूंनी धने टाकले होते, भाजीसाठी. त्याला फुलं आली होती आणि भुकेल्या माशीला मधाचं तेवढंच दुकान पुरतं.

पट्ट्या कापून काकू पानाच्या खालच्या अंगाला टाचत गेल्या. वरच्या अंगाला लावली तर सकाळीच ऊन लागतं, फार खाली लावली तर मुंग्या नेतात. संध्याकाळीच का, याचं उत्तर माशीच्या सवयीत आहे. ती बहुधा उजाडताना अंड्यातून निघते. रात्रभर कार्ड शेतात निवलेलं असलं की तिला पहिले चार-पाच तास थंड मिळतात. तेवढ्यात जुगणं आणि पहिली अंडी गाठणं उरकलं, तर दुपारी ती मेली तरी काम झालेलं असतं.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी भिंग घेऊन पट्टीसमोर उकिडवी बसले. काळ्या ठिपक्यांना भोकं पडत होती. एक माशी निघाली, जागीच मिशा पुसल्यासारखं केलं, पट्टीच्या कडेपर्यंत चालत गेली आणि पानाच्या शिरेवर चढली. तिच्यामागून आणखी दोन. पुढचा तासभर मी हललेच नाही. नऊला वाऱ्यात धग आली आणि भिंगाची काच तापली.

बांधावरून आप्पा म्हणाले, या आठवड्यात शेतीची लाइट दिवसाची आहे, दहाला येईल, मोटार टाकतो. दुपारच्या आत रान भिजलेलं बरं. मग ते स्टार्टरच्या पेटीशी जाऊन बसले आणि दिव्याकडे बघत राहिले.